लाज नको, तपासणी हवी



'अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते' हे वाक्य शिबिरात मी नेहमी सगळ्यात शेवटी, कुजबुजत सांगितलेलं ऐकते. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यात शंभरात ९२ जणींना स्त्रीरोग आढळले. आधी तपासणी झाली होती जेमतेम ८ जणींची.

दह्यासारखे घट्ट पांढरे जाणे आणि खाज, ही बहुधा बुरशीची लक्षणे. सुती, कोरडे कपडे वापरावेत, बाहेरून साध्या पाण्याने धुवावे. आत साबण, जंतुनाशक, लसूण काही घालू नये, आग वाढते. दुर्गंधी, ताप, ओटीपोटात दुखणे असेल तर आजार वेगळा. वर्षात तीन-चारदा त्रास उलटला तर रक्तातली साखर तपासावी, अँटिबायोटिक घेतले असल्यास सांगावे. अशा वेळी महिनोन्‌महिने औषध लागू शकते.

स्वतःची काळजी आपण घेऊच; पण म्हणून सरकारी दवाखान्याची जबाबदारी संपत नाही. तपासणीच्या टेबलापुढे पडदा, स्त्री डॉक्टर आणि पुरेशी औषधे हा आपला हक्क आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.