वहीतलं गाणं तपासू नका

इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या ठाकरवस्तीत जायचं म्हणजे तासाभराहून अधिक चढण चढायची. त्यामुळे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली तेव्हा जेसीबी खालीच अडकले. एनडीआरएफचे जवान आणि आसपासच्या गावांतली माणसं भर पावसात फावडी-घमेली घेऊन चिखल उपसत राहिली. चार दिवसांनी शोधकार्य थांबलं, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाडीतली बरीच मुलं त्या रात्री आश्रमशाळांच्या वसतिगृहांत होती, म्हणून वाचली. वाडीतल्याच शाळेत झोपायला गेलेली काही पोरंही वाचली.

पुढचं सगळं कागदावर आहे. चौक गावाजवळ कंटेनरमध्ये तात्पुरता निवारा झाला, मदतीचे धनादेश निघाले, सिडकोने ४४ घरं बांधली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच, हेही तेव्हा सरकारनेच सांगितलं. वाचलेल्या मुलांनी आत काय साठवून ठेवलं आहे, याचा रकाना मात्र कुठल्याच पंचनाम्यात नसतो.

ते बाहेर यायला या भागात एक वाट आधीपासून आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्यांत गाणं शिकवावं लागत नाही. गौरी-गणपतीत नाच धरला की एकजण ओळ टाकतो आणि फेरातले बाकीचे ती उचलून धरतात. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवळे गाते. आता त्यात मोबाइलवरची हळदीची गाणी आली आहेत. त्यांच्या चालीवर पोरं स्वतःचे शब्द बसवतात, मास्तरांवर, क्रिकेटच्या सामन्यावर, घाटात बंद पडलेल्या एसटीवर. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाने एखाद्या दिवशी त्याच चालीवर गेलेल्या आजीचं किंवा बुजलेल्या घराचं गाणं केलं, तर त्यात नवल नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातलं मूलही असंच करू शकतं. दिवाळीनंतर घर उचलून भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, मध्ये शाळा सुटायची, हेही दुःखच आहे. ते दरडीसारखं एका रात्रीत येत नाही, एवढंच.

खरा प्रश्न ते गाणं कानावर पडल्यावर आई-बापांनी काय करायचं, हा आहे.

सहसा दोनच गोष्टी होतात. पहिली, घाबरून गप्प करणं: ‘असलं कशाला लिहितोस, काहीतरी चांगलं लिही.’ यामागे दुष्टपणा नसतो. मुलाच्या ओळीत बापाला स्वतःचाच गेलेला भाऊ दिसतो, आईला तिची बहीण दिसते. पोराचं गाणं ऐकणं म्हणजे आपलं झाकून ठेवलेलं पुन्हा उघडणं. दुसरी गोष्ट याच्या उलट: कौतुकाने व्हिडिओ काढायचा, गटागटांत पाठवायचा, स्मृतिदिनाला पाहुण्यांसमोर उभं करायचं. पहिल्याने गाणं गिळलं जातं. दुसऱ्याने ते मुलाच्या हातातून निघून जातं. पुढच्या वेळी ते मूल टाळ्या कुठे पडल्या हे आठवून लिहितं.

तिसरी रीत मराठीला अनोळखी नाही. आळंदीतल्या त्या चार अनाथ भावंडांची गोष्ट घ्या. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, गावाने वाळीत टाकलं. परंपरा सांगते की अपमानाने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून अभंग म्हटले. वयाने लहान मुलीने मोठ्याचं दुःख शब्दांत धरलं, आणि मोठ्याने ते ऐकून घेतलं. ताटीच्या अभंगांत बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही महत्त्वाचा आहे.

कोवळ्या वयात दुःखातून लिहिणंही मराठीत नवं नाही. जगदीश खेबुडकर सोळाएक वर्षांचे होते, तेव्हा गांधीहत्येनंतर १९४८ साली उसळलेल्या जाळपोळीत त्यांचं घर जळालं. त्यांची पहिली दीर्घकविता त्या राखेतून आली. पुढे हजारो चित्रगीतं लिहिणाऱ्या या कवीची सुरुवात जळालेल्या घराने झाली, हे त्यांची गाणी गुणगुणणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं.

बहिणाबाई चौधरींच्या घरात नात्याची दिशा उलटी होती: आई रचायची, मुलगा टिपायचा. तिशीत वैधव्य आलेली, लिहिता-वाचता न येणारी ही बाई जात्यावर आणि शेतात गाणी रचत गेली. मुलगा सोपानदेव यांनी आणि पितांबर चौधरींनी ती उतरवली, आणि तिच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः कवी होते. आईची बोली पुस्तकी मराठीत बसवणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी ती बोली तशीच ठेवली. मुलांचं गाणं ऐकणाऱ्या प्रत्येक पालकाने आणि गुरुजीने त्यांच्याकडून एवढं जरूर घ्यावं. ठाकरी किंवा कातकरी बोलीतल्या ओळीखाली लाल शाईची रेघ ओढली की मुलाला समजतं, इथे आपलं दुःखसुद्धा चुकीच्या भाषेत आहे.

लिहिण्याने मन खरोखर हलकं होतं का? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो. ४६ विद्यार्थी, सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लेखन. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रसंगावर. प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लिहून झाल्याबरोबर तेच जास्त उदास होते. मूल गाणं म्हणून रडलं, म्हणजे गाण्याने इजा झाली असं पालकांनी लगेच समजू नये. मात्र लिहायला लावलंच पाहिजे, असाही याचा अर्थ नाही. अशा १४६ अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा फायदा दिसला तो खरा, पण लहान. गाणं म्हणजे औषधाची गोळी नव्हे. मूल रात्र-रात्र झोपत नसेल, जेवण टाकत असेल, मरणाची भाषा करत असेल, तर समुपदेशकच हवा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा.

मोठ्या माणसांचं काय, याचं उत्तर वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनने दिलं आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी कोळशाच्या खाणीतल्या मातीचा ढिगारा पावसाने सुटून शाळेवर आला. १४४ जण गेले, त्यांत ११६ मुलं होती. त्या दुर्घटनेनंतर गावातल्या पुरुषांनी एकत्र येऊन गायकवृंद उभारला. तो यनिसोवेन पुरुष गायकवृंद म्हणून ओळखला जातो. दुःखावर बोलायला ज्यांना जमत नव्हतं, ते एकत्र गाऊ लागले. इर्शाळवाडीच्या आई-बापांनाही ही सवय आहे, फेराची. मुलाने टाकलेली ओळ मागे उचलून धरायची, एवढंच त्यांनी करायचं. गाण्यात काय घडलं ते खोदून विचारण्यापेक्षा ‘ही चाल कुठून घेतलीस?’ असं विचारलं तर मूल पुढे बोलतं. नाही बोललं तरी हरकत नाही.

यातलं काही दरड थांबवणार नाही. डोंगरउतारावरच्या वाड्यांची पाहणी, वेळेवर इशारा, कायमची सुरक्षित जागा ही कामं सरकारचीच. मुलांच्या गाण्यांचं कौतुक करून ती टाळता येणार नाहीत. उलट, घर आणि शाळा स्थिर झाल्याशिवाय मुलाला लिहायला बसायला जागाच मिळत नाही.

पण आश्रमशाळांत एक गोष्ट फार खर्च न करता होऊ शकते. पाथरज, कळंब, भालिवडी इथल्या शाळांत मुलं वर्षातले बहुतेक दिवस घरापासून दूर राहतात. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने प्रत्येक मुलाला एक जादा वही द्यावी, जी कोणी तपासणार नाही, जिला गुण नसतील आणि जी मुलाच्या परवानगीशिवाय स्नेहसंमेलनात वाचली जाणार नाही. आठवड्यातला एक तास ढोलकी आणि गाण्यांसाठी राखावा, त्यात वाडीतल्या जाणत्या गायकांना मानधन देऊन बोलवावं. अधीक्षक आणि अधीक्षिकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं: कोणतं गाणं नुसतं ऐकायचं आणि कोणत्या गाण्यानंतर १४४१६ लावायचा. हे सगळं जूनमध्ये, शाळा उघडतानाच व्हावं. जुलैचा पाऊस लागला की इर्शाळवाडीच्या मुलांना रात्री जाग येऊ लागते.