ह्या घराक अर्थच नाय!

दिवाळी अंकासाठी यंदा काहीतरी उजेडाचे लिहा, असा संपादकांचा निरोप आला. एरवी या पानावर मी परीक्षेच्या पेपरांविषयी, सौभाग्यवतींच्या लोणच्यांविषयी किंवा लोकलगाडीतल्या चौथ्या सीटविषयी लिहितो आणि वाचक ते सोसतात. पण उजेडाचे म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवली. ती म्हणजे आचऱ्याचे आमचे घर आणि त्यातली वीज. मराठीच्या प्राध्यापकाने हातात पक्कड घ्यावी, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे. घेतली खरी, आणि का घेतली तेच सांगतो.

मालवण तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे आजोबांच्या वेळचे घर आहे. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे खळे, मागे न्हाणी आणि केळी. घरपत्रकावर इतकी नावे आहेत की हजेरी घ्यायची तर माझा एक तास जाईल. पण राहते माणूस एकच, आमची काकी. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर.

१६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेले. मुंबईत आम्ही टाळेबंदीत अडकलेलो. काकीचा फोन लागेना. चार दिवसांनी शेजारच्या मुलाकडून कळले, की फणसाची मोठी फांदी स्वयंपाकघरावर पडली आहे, विजेचे खांब आडवे झाले आहेत आणि काकी ओटीवर चूल मांडून ठीक आहे. वीज पुष्कळ दिवसांनी आली. तोवर पाऊस सुरू झाला होता, आणि उघड्या छपरातून भिंतींत मुरलेले पाणी आत तसेच होते. जुलैत काकीचा फोन आला.

"झिला, माजघराची भित चावता रे!"

मी आधी हसलो. मग हसू विरले. भिंत चावते याचा अर्थ तारांतली वीज ओलीतून भिंतीत उतरली आहे, हे कळायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. गावातल्या वायरमनने त्याच दिवशी जाऊन माजघर आणि मागील दार यांची वीज तोडली. पुढची पावणेदोन वर्षे काकी ओटीवरच्या एका दिव्यावर राहिली.

आता चुलतभाऊ पुढे सरसावले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. घर पाडावे, स्लॅबचे बांधावे, तारकर्ली-देवबागला लोकांनी काढल्या तशा पर्यटकांसाठी चार खोल्या काढाव्यात आणि काकीने मुंबईला आळीपाळीने सगळ्यांकडे राहावे. काकीने शांतपणे ऐकून घेतले. आमच्या गावात गावपळण असते. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि तीन दिवस तीन रात्री सारा गाव गुरा-कोंबड्यांसह वेशीबाहेर राहतो. परत यायचे तेही देवाचा कौल घेऊनच. काकी म्हणाली, "गावपळणीक तीन दिस घराभायर रवतंय, तितक्या पुरे माका."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. पण चावणाऱ्या भिंतींत म्हातारीला ठेवायचे, तर भिंतींचे दात काढायला हवेत. कंत्राटदाराने सांगितलेला आकडा ऐकून सगळे भाऊ एकदम देशावरच्या पावसासारखे गप्प झाले. शेवटी ठरले, की जेवढे काम हाताने होण्यासारखे आहे तेवढे मी उन्हाळ्याच्या सुटीत करावे. सौ.नी एवढेच विचारले, "इन्शुरन्सचे कागद कुठे ठेवलेत?"

छप्पर आधी आणि वीज मागून, हा क्रम मला सुताराने शिकवला. गळक्या कौलाखाली नवी तार ओढणे म्हणजे फुटक्या घागरीला नवा गळपट्टा. म्हणून २०२२ चा मे महिना कौलांत गेला. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला आणि तिथून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे गेली. ती दिसायला सारखी, पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. नव्या कौलाची खाच जुन्याच्या ओठात बसत नाही. जबरदस्तीने बसवले तर पहिल्याच वाऱ्याला उचलते. तेव्हा आम्ही स्वयंपाकघरावरची शाबूत जुनी कौले काढून माजघरावरच्या जुन्यांत मिसळली आणि स्वयंपाकघर सगळे नव्याने शाकारले. दोन वासे वाळवीने पोकळ केले होते, ते बदलले. एवढे सोडले तर त्या महिन्यात सांगण्यासारखे म्हणजे माझ्या पाठीचे दुखणे, आणि ते घरच्यांनी पुरेसे ऐकले आहे.

खरी गोष्ट २०२३ च्या मेमध्ये सुरू झाली. वायरमन आला. हा परवानाधारक माणूस. आणि वाचकहो, हे मुद्दाम लिहितो. घरातल्या विजेची जोडणी परवाना असलेल्या माणसाकडून आणि त्याच्या देखरेखीखालीच व्हावी, असे आपल्याकडे १९५६ च्या विद्युत नियमांपासून आहे आणि आजही तसेच आहे. माझ्या वाट्याला जुने उतरवणे, नळ्या बसवणे, खड्डा खणणे आणि भिंती दुरुस्त करणे एवढेच. जोडणी त्याची, आणि सही त्याची. त्याने मीटरपासून न्हाणीपर्यंत घर पाहिले, मेगर नावाची पेटी लावली आणि मान हलवली. त्या पेटीतून ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांच्या आवरणाची ताकद मोजतात. ती निदान एक मेगओम भरावी लागते. आमच्या माजघराचा काटा शून्यावरून हलायलाच तयार नव्हता. मग त्याने दोन भोकांचे जुने प्लग पाहिले, तिसरी तार शोधली आणि निकाल दिला:

"मास्तर, ह्या घराक अर्थच नाय!"

वीस वर्षे मी मुलांना शब्द आणि अर्थ यांचे नाते शिकवतो आहे. ज्या घरात मी अ आ ई शिकलो त्याला अर्थच नाही, हे ऐकून क्षणभर मला माझ्या नोकरीचीच काळजी वाटली. त्याच्या बोलण्यातला 'अर्थ' म्हणजे इंग्रजांची पृथ्वी. पळवाट चुकलेली वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून घातलेली तार. ती आमच्या घरात कधी नव्हतीच.

मेन बंद करून, मीटरकडचा फ्यूज काढून तो वायरमनने स्वतःच्या खिशात टाकला आणि मी उतरवायला लागलो. आमच्याकडे वीज १९७१ साली आली. त्या वेळच्या तारा रबराच्या आवरणाच्या, सागवानी पट्ट्यांवर पत्र्याच्या बारीक क्लिपांनी ओळीत बसवलेल्या. त्या कारागिराचे हस्ताक्षर सुरेख होते. एक रेघ वाकडी नव्हती. रबर मात्र बोट लावले की बिस्किटासारखे झडे, आणि आतले तांबे खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडलेले. पुढची हस्ताक्षरे बिघडत गेली. थोरल्या काकांनी रेडिओसाठी ओढलेली तार, आत्याच्या लग्नात मांडवासाठी काढलेली शाखा, विहिरीवरचा पंप, मग फ्रीज, मग प्रत्येक भावाने चतुर्थीच्या चार दिवसांत आपापल्या खोलीपुरती केलेली सुधारणा. पंपाचे ओझे पेलायला निघालेली तार शेवटी घंटीच्या तारेला गुंडाळून, वर चिकटपट्टी लावून सोडलेली. आमच्या घरात कधी वाटणी झाली नाही असे आम्ही अभिमानाने सांगतो. माळ्यावर चढून पाहिले तर ती केव्हाच झाली होती.

माळ्यावरच मला ती पट्टी सापडली. सोडणांच्या ढिगाच्या वर, हातभर लांबीत, सागवान कोळशासारखे काळे. तिथे तार तापत होती, कोणास ठाऊक किती वर्षे, आणि खाली सुकी सोडणे. तार इतकी तापली तरी फ्यूज का गेला नाही? मी खाली आलो, चिनी मातीचा फ्यूज उघडला, आणि आत पाहिले.

आत फ्यूजची बारीक तार नव्हती. जाड तांब्याचा तुकडा होता, पीळ घालून दोन्ही टोकांना नीट वळवलेला. तो पीळ मी ओळखला. १९९८ च्या चतुर्थीत मी कॉलेजात होतो. गणपतीसमोर दिव्यांच्या सहा माळा आणि फिरते चक्र लावले होते, आणि ऐन आरतीत दोनदा फ्यूज उडाला होता. तिसऱ्यांदा उडू नये म्हणून मी पंपाच्या तारेचा तुकडा कापून घातला. पाहुण्यांनी हुशार मुलगा म्हणून पाठ थोपटली. चतुर्थी संपली, मी मुंबईला गेलो. तो तुकडा तिथेच राहिला. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. ओझे वाढले की ती आधी वितळावी आणि घर वाचावे. घरातली ती एकच शहाणी कमजोरी मी काढून टाकली होती, आणि पंचवीस वर्षे काकी त्या माळ्याखाली झोपत होती.

रात्री जेवताना मी तिला सांगितले. लपवण्यात अर्थ नव्हता (हा दुसरा अर्थ). ती ताटात आमटी वाढत म्हणाली, "माका म्हायत होता. पण त्या दिसा आरती काळोखात जावक नाय, ता बरा झाला." मला तिने ओरडावे असे फार वाटत होते. तिने आणखी एक बांगडा वाढला.

दुसऱ्या दिवशी मी त्वेषाने अर्थाचा खड्डा खणायला घेतला. जागा खळ्याच्या कोपऱ्यात. मीटरला जवळ, दिसायला सोयीची. खाली जांभा. चिरा खाणीतून नुकता काढला की मऊ असतो आणि वाऱ्याला घट्ट होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश पाहणीकाराने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहून, १८०७ सालच्या आपल्या पुस्तकात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटराइट' नाव दिले. त्या गृहस्थाने आमच्या खळ्यात पहार मारली असती तर नाव दुसरे काही ठेवले असते. दोन दिवसांत माझा खड्डा गुडघाभर झाला आणि हाताला फोड आले. काकी ओटीवर नारळ सोलत पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिला दया आली.

"थंय कातळ आसा. केळीकडे खण. न्हाणीचा पाणी बारय म्हयने थंयच जाता."

अर्थिंगला ओल हवी, कोरड्या जमिनीत वीज मुरत नाही, हे वायरमन मला सकाळपासून सांगत होताच. पण बारा महिने ओल कुठे असते हे घरात राहणाऱ्यालाच ठाऊक. केळीच्या बुंध्याशी एका दिवसात माणूसभर खोल गेलो. जस्ताचा नळ उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने घातले. वायरमनने मीटर लावला. काटा पाच ओहमच्या आत थांबला. "आता अर्थ इलो," तो म्हणाला.

भिंतींची हकिकत थोडक्यात. ओल झाकण्यासाठी कोणी तरी खालच्या तीन फुटांवर सिमेंटचा गिलावा मारला होता, त्याने ओल आतच कोंडली. तो खरवडून चुन्याचा केला. चुना श्वास घेतो, भिंत वाळते. चुन्यावर आमच्या मुलखाचा विश्वास जुना. सिंधुदुर्गाच्या तटावर छत्रपतींच्या हातापायाचे म्हणून जे ठसे दाखवतात ते चुन्यातच आहेत. चिरा फोडून नळ्या गाडायच्या नाहीत, असे मी ठरवले. वरून पाटाच्या कडेने आणि दाराच्या चौकटीलगत खाली आणल्या. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची तार, प्लगांना अडीचची, पंपाला चारची आणि स्वतंत्र.

जुन्या फ्यूजच्या जागी आता आपोआप पडणारी बटणे आली, आणि त्यांच्या वर एक थोरले बटण. ते फक्त जमाखर्च पाहते. एका तारेने गेलेली वीज दुसरीने परत आलीच पाहिजे. ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की ती भिंतीत किंवा माणसात गेली असे समजून सगळे घर बंद करते. काकीला हे लगेच पटले. पाडेल्याने पाडलेले आणि खळ्यात पडलेले नारळ ती अशीच मोजते.

काम संपले. माजघरात शिरताना डाव्या हाताला, पुस्तकात सांगितलेल्या उंचीवर, मी पांढराशुभ्र बोर्ड लावला होता आणि त्यावर खूश होतो. त्या रात्री झोपेत मला आवाज आला. भिंतीवरून तळवा फिरत होता, सर्र, सर्र. काकी अंधारात उभी होती. उजव्या हाताला, जिथे बावन्न वर्षे पितळी टोपीचे गोल बटण होते तिथे, ती हात फिरवत होती.

"बटान खंय गेला रे?"

मी उठून दिवा लावला. ओल्या चुन्यावर तिच्या बोटांचे ओरखडे उमटले होते. जुन्या बटणाच्या खुणेवर नव्हे, तिच्या चार बोटे खाली. तेवढी ती वाकली होती. सकाळी वायरमनला बोलावून त्या ओरखड्यांपाशी दुसरे बटण बसवून घेतले. आतला सांगाडा नवा, वर टोपी जुनी पितळी. तेवढ्या खर्चाचे बिल मी भावांना पाठवले नाही.

सप्टेंबरात चतुर्थीला सगळे आले. घराचा निर्णय झालेला नाही. काकी आहे तोवर पाडायचे नाही एवढे ठरले आणि कागदावर कोणीच सही केली नाही. धाकट्या चुलतभावाने भिंतीला हात लावून पाहिला, मग कानही लावला. त्याच्या मुलाने गणपतीसमोर माळांवर माळा चढवल्या. मी सोबत आणलेले इस्त्रीचे ओझेही त्याच प्लगाला लागलेले होते, हे नंतर कळले. ऐन आरतीत टक्क आवाज झाला आणि मखर काळोखात गेले. समयांच्या उजेडात मुलगा धावत बोर्डाकडे गेला, बटण वर केले. ते पुन्हा पडले.

"काका, हे सारखं पडतंय," तो म्हणाला, "जरा डायरेक्ट करूया का?"

काकी टाळ्या वाजवायची थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी उठलो, इस्त्री काढली, आणि दिव्यांच्या दोन माळा गुंडाळून खिशात टाकल्या.