दोष जातीचा की साखळीचा?

पाळीव कुत्रा कोणाला चावला की शेजारीपाजारी दोनच निकाल देतात. एक तर 'त्याची जातच तशी', नाही तर 'त्याचे डोके फिरले'. या दोन्ही उत्तरांनी कारण सापडत नाही; कारणाचा शोध मात्र तेथेच थांबतो.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारनेही यातला पहिलाच निकाल दिला. पिटबुल, रॉटवायलर यांसारख्या २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री बंद करावी, असे परिपत्रक राज्यांना गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. न्यायालयाचा प्रश्न कायद्याचा होता. आपला विज्ञानाचा आहे. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती तपासली. एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला फक्त सुमारे ९ टक्के भाग जातीने उलगडतो, असे त्यांना आढळले. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याने केलेली जखम खोल असते, हे खरे. अशा कुत्र्याच्या मालकावर जास्त जबाबदारी टाका, माझी हरकत नाही. पण उरलेल्या ९१ टक्क्यांचे काय?

त्यात पहिली येते भीती. पिल्लू साधारण ३ ते १२ आठवड्यांचे असताना जी माणसे, जे आवाज, जी जनावरे त्याच्या ओळखीची होतात, त्यांची त्याला पुढे धास्ती वाटत नाही. हे दिवस त्याने गॅलरीत एकट्याने काढले, तर मोठेपणी दारात आलेला पोस्टमनही त्याला शत्रू वाटतो. भ्यालेले जनावर पळून जाते. साखळीने बांधलेले कोठे पळणार? दुसरे कारण दुखणे. कान चिघळला असेल, सांधा दुखत असेल, तर लाडाचा हातही त्याला नकोसा होतो. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी चावला, तर त्याला मारण्याआधी डॉक्टरला दाखवावे. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथे जायला काय हरकत आहे? जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालणे हे तिसरे कारण. ते मुलांनाच जास्त भोवते.

'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण विसरून जा. कुत्रा चावण्यापूर्वी बहुधा सूचना देतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला काठी मारणे म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरणे होय. आवाज बंद होतो, आतला दाब तसाच राहतो. असा कुत्रा पुढे सूचना न देताच चावू लागतो.

आता थोडे माझ्या विषयाचे. कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात नागपूरची हवा ४५ अंशांवर जाते. उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहते. म्हणजे अशा दुपारी हवाच कुत्र्याला तापवते. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, बाष्पीभवनाने जेवढा थंडावा मिळेल तेवढा घ्यायचा, एवढेच त्याच्या हाती. अमेरिकेतील ८ शहरांतल्या, २००९ ते २०१८ या काळातील सुमारे ७०,००० चाव्यांच्या नोंदी तपासल्यावर उकाड्याच्या दिवशी चावे सुमारे ४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. वाढ लहान आहे. शिवाय त्या दिवशी कुत्रा चिडला होता की माणूस, हे त्या नोंदी सांगत नाहीत. तरीही पत्र्याच्या शेडखाली, रिकाम्या भांड्यापाशी बांधलेला कुत्रा पाहिला की मला त्याच्या जातीची चौकशी करावीशी वाटत नाही.

आणि चावा बसलाच, तर विद्यार्थी मित्रांनो, हळद-मिरची लावू नका. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रा घरचा असो वा दारचा, रेबीजची लस घ्यावी की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरी मार बसेल म्हणून चावा लपवू नका.