नाव राखा

काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. पण ते साऱ्या गोव्याचे. एखाद्या भट्टीचे किंवा घरगुती आमसुले विकणाऱ्या गृहिणीचे स्वतःचे नाव त्याने सुरक्षित होत नाही. त्यासाठी 1999 च्या कायद्यान्वये व्यापारचिन्हाचीच नोंदणी हवी. 45 वर्गांतून आपला वर्ग निवडावा, तसे चिन्ह आधीच कोणाचे नाही ना, हे पाहावे आणि अर्ज करावा. ऑनलाईन अर्जास लहान उद्योजकाला प्रतिवर्गी 4,500 रुपये शुल्क पडते. छाननीनंतर चिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होते. 4 महिन्यांत हरकत न आल्यास नोंदणी होऊन ती 10 वर्षे टिकते. नाव चोरीस गेल्यावर न्यायालयाचे उंबरठे झिजविण्यापेक्षा हे श्रेयस्कर. उद्योग खात्याने तालुक्यातालुक्यांत याचे मार्गदर्शन मराठीतून करावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.