काकाकुवा ओरडतो, दोष कोणाचा?

पोपट पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नाहीं. परंतु पांढरा शुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा मिरविणारा काकाकुवा ज्याच्या घरीं येतो, त्याची हौस बहुधा लवकरच फिटते. "घरांत बसवत नाहीं, शेजारी तक्रार करितात, सबब हा कोणास तरी देऊन टाका," असे उद्गार त्या घरांतून ऐकूं येऊं लागतात. आमच्याही घरांतून ते येत असत. पक्ष्याची बाजू मांडावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

काकाकुवा हा ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया व फिलिपाइन्स या प्रदेशांतील रहिवासी. तो थव्यानें राहतो. पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास थव्यांतील पक्षी एकमेकांस हांका मारितात. ती हांक रानांत दूरवर पोंचावयाची, म्हणूनच इतकी कर्कश. अशा पक्ष्यास दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आणिलें, म्हणजे घरांतील माणसें हाच त्याचा थवा. माणूस दृष्टीआड झालें कीं तो हांक मारितो. यांत त्याचें काय चुकलें?

चुकतें तें पुढें. मामांची बदली झाली म्हणून त्यांचा काकाकुवा आमच्याकडे आला. प्रथम तो दिवसांतून दोनदां ओरडे; सहा महिन्यांत दिवसभर ओरडूं लागला. तो ओरडला कीं आई स्वयंपाकघरांतून धांवत येऊन "गप्प बस रे!" म्हणून दरडावी, मी पिंजऱ्यावर थाप मारीं, आणि वडील त्रासून पुढें शेंगदाणे टाकीत. त्याच्या दृष्टीनें हिशेब सरळ होता: हांक मारिली कीं तिघेही हजर, वर खाऊ! गप्प बसल्यास मात्र कोणी ढुंकूनही पाहात नसे. ही खोड त्याला आम्हींच लाविली.

मग आम्हीं शिकवणी उलटी फिरविली. तो किंचाळला तर तिकडे पाहावयाचें नाहीं. शांत बसला कीं लगेच जवळ जाऊन बोलावयाचें, बदामाचा तुकडा द्यावयाचा. आणि दुसऱ्या खोलींत असलों तर अधून मधून हळू शीळ घालून "आम्ही येथेंच आहों" असें कळवावयाचें. पहिल्या आठवड्यांत ओरडणें कमी न होतां वाढलें. नेमकीं याच ठिकाणीं बहुतेक घरें हार खातात, आणि पक्षी एवढेंच शिकतो कीं याहून मोठ्यानें ओरडावें लागतें! आम्ही टिकलों. पहाटेचीं व संध्याकाळचीं पंधरा-पंधरा मिनिटें मात्र त्याला सोडून दिलीं आहेत. तेवढा त्याचा हक्कच आहे, असें माझें मत आहे. शेजारच्या काकूंस तें पटलेलें नाहीं.

चोंचीचेंही तसेंच. दाराची चौकट त्यानें कुरतडली, कारण कुरतडावयास दुसरें कांहीं नव्हतें; आतां बांबूचे तुकडे व करवंट्या देतों. तुरा उभारून तो अंग फुलवूं लागला कीं हात मागें घ्यावा. तरीही पुढें करून चावून घेतलें, तर तक्रार कोणाविरुद्ध करावयाची?

हा पक्षी शिकतो किती, याचें एक उदाहरण सिडनी शहरांतील आहे. कचऱ्याच्या पेट्यांचीं जड झांकणें उघडण्याची युक्ति २०१८ पूर्वीं तेथील तीन उपनगरांतील काकाकुव्यांस ठाऊक होती. २०१९ अखेर ती ४४ उपनगरांत पसरली. ते एकमेकांचें पाहून शिकले, असें संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. मग आपल्याकडून वाईट खोड उचलावयास त्याला कितीसा वेळ?

पालकांस एक विनंति. वाढदिवसाची भेट म्हणून हा पक्षी मुलास देऊं नये. अशा परदेशी पक्ष्यांची नोंद करणें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनें आवश्यक झालें आहे, ही गोष्ट निराळी. खरी अडचण आयुष्याची आहे. शिकागोजवळील ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयांतील कुकी नांवाचा काकाकुवा १९३३ सालीं जन्मला आणि २०१६ सालीं, ८३ वर्षांचा होऊन मेला. इतकें दीर्घायुष्य विरळा, परंतु चाळीस वर्षें म्हटलीं तरी मूल शिकून, नोकरीस लागून, परगांवीं जाऊन बिऱ्हाड थाटील, आणि पक्षी मागें राहील.

दहावी झाल्यावर मलाही परगांवीं जावें लागणार. संध्याकाळीं तो हांक मारील, तेव्हां उत्तर देणारें कोणी पाहिजे. म्हणून सध्यां मी वडिलांना शीळ शिकवीत आहें. त्यांना ती अजून नीट येत नाहीं.