सक्तीचा व्यायाम आणि श्रमोत्तर ग्लानी

‘रोज थोडे अधिक चालत जा, म्हणजे अंगात आपोआप बळ येईल,’ हा उपदेश आजारातून उठणाऱ्या बहुतेकांना हितावह ठरतो, हे मी नाकारीत नाही; परंतु मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस ऊर्फ क्रॉनिक फटीग सिंड्रोम या व्याधीत, आणि कोविडनंतर न सावरलेल्या अनेकांच्या बाबतीत, तोच उपदेश सरसकट लागू करणे हा रुग्णावर उघड अन्याय आहे.

या व्याधीतही व्यायाम वाढवत न्यावा म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार म्हणजे २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली, ६४१ रुग्णांची ब्रिटनमधील ‘पेस’ चाचणी. तिच्यात प्रवेश मिळण्यास शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा त्याहून कमी असावे लागत, आणि पुढे ‘बरे झाले’ म्हणण्याच्या कसोट्यांपैकी एक ६० गुणांवर आणून ठेवली गेली. म्हणजे दाखल होतानापेक्षा खालावलेला मनुष्यही त्या कसोटीस उतरावा! असल्या दाखल्यावर कोणत्या न्यायाने विसंबावे? ब्रिटनच्याच ‘नाइस’ संस्थेने २००७ मध्ये केलेली चढत्या व्यायामाची शिफारस २०२१ मध्ये मागे घेतली. पडून राहिल्याने स्नायू दुबळे झाले, एवढेच दुखणे मानावे, तर सलग दोन दिवसांच्या सायकल-चाचणीत बैठी पण निरोगी माणसे दुसऱ्या दिवशीही पहिल्याइतकीच टिकतात आणि या रुग्णांपैकी अनेकांची शक्ती मात्र घसरते, याची संगती लागत नाही.

श्रमाचा दंड बहुधा बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी वसूल होतो, हेच घरच्यांना उमगत नाही. रविवारी बरे वाटले म्हणून सून उभ्याने पुरणपोळ्या लाटते, पाहुण्यांशी हसून बोलते, मंगळवारी सकाळी तिला वेणी घालण्यापुरते हात वर धरवत नाहीत, खिडकीतला उजेड सोसवत नाही, आणि सासूबाई म्हणतात, “परवा तर चांगली ठणठणीत होतीस गं!”

म्हणून थकण्यापूर्वीच थांबणे, स्नान स्टुलावर बसून करणे, भाजी दोन खेपांत चिरणे, वाचन, हिशेब आणि गप्पा यांनाही श्रमच समजणे, आणि मुख्यतः बऱ्या दिवशी हात राखून वागणे, हाच आज उपलब्ध असलेला शहाणपणाचा मार्ग होय. त्याने व्याधी समूळ जात नाही. पण वारंवार कोसळणे पुष्कळ अंशी टळते. याला आळस म्हणणाऱ्याने बऱ्या वाटणाऱ्या दिवशी अर्धे काम टाकून उठण्याचा निग्रह एकदा स्वतः करून पाहावा.

वैद्यांना आणि कुटुंबीयांना माझी कळकळीची विनंती आहे: रुग्ण ‘आता पुरे’ म्हणाला, की त्याच्याकडे पुरावा मागू नका, हातातले काम काढून घ्या आणि त्याला पडू द्या.