रंगभूमीवरचा राक्षस आणि अंतराळातील माणूस

सांगली येथे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली, हे तुम्हांस ठाऊक असेलच. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस येत तेच मुळी ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकीत. तो का ओरडतो, असे विचारण्याची कोणास गरज वाटत नसे, राक्षसच तो! पुढे हे राक्षस आपल्या रंगभूमीवरून गेले. परंतु मला शंका येते की, त्यांनी केवळ वेष पालटला असून हल्ली त्यांचा मुक्काम विज्ञानकथांत आहे.

अशा कथा तुम्ही वाचल्या असतील, पडद्यावर पाहिल्याही असतील. यान पृथ्वीपासून दूर जाते, खिडकीबाहेर अथांग काळोख पसरतो, आणि कालपर्यंत शहाणा असलेला अंतराळवीर एकाएकी डोळे गरगर फिरवीत सोबत्यांच्या अंगावर धावून जातो. १९९८ सालच्या ‘आर्मागेडन’ या अमेरिकन चित्रपटात तर लघुग्रहावर उतरलेला एक गडी ‘अवकाशवेडा’ने पछाडला जाऊन गोळ्यांचा वर्षाव सुरू करतो. वैद्यकशास्त्रास हा रोग ठाऊक नाही. तो लेखकांच्या सोयीसाठी जन्मास आला आहे.

खरी गोष्ट निराळी आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा दोन सोव्हिएत सोबत्यांसह अंतराळात गेले. त्यापूर्वी बंगळूर येथे त्यांना ७२ तास एका खोलीत कोंडून ठेवले होते. बंदिस्त जागेचे भय त्यांच्या मनात कोठे दडून बसले आहे काय, हे पाहावयाचे होते. (आपल्यापैकी पुष्कळांस चौथ्या तासालाच घर आठवू लागेल!) अशा रीतीने पारखून घेतलेली माणसे काळोख पाहताच आरोळ्या ठोकू लागतील, हे कसे पटावे?

‘मग त्यांचे मन कधी थकतच नाही काय?’ असे तुम्ही विचाराल. थकते, खचित थकते. साताऱ्यास १९६१ साली सैनिकी शाळा निघाली. देशातील सैनिकी शाळांत ती पहिली. घर सोडून अशा शाळेत राहावयास गेलेल्या मुलाला पहिल्या रात्री रडू कोसळले, तर तो भित्रासुद्धा ठरत नाही, मग वेडा कसा ठरेल? माझा या कथांवर रोष आहे तो याचसाठी. मन जड होणे आणि माथे फिरणे यांतील अंतर त्या पुसून टाकतात. त्या खऱ्या मानणारा मुलगा, स्वतःचे मन जड झाले की, लोक आपणांस वेडा म्हणतील या भीतीने मूग गिळून बसेल. आणि ज्याचे मन खरोखरच आजारी असते, त्याला औषध हवे असते, माया हवी असते. तोही काही राक्षस नव्हे.

नोव्हेंबर १९७३ मध्ये कार, गिब्सन आणि पोग हे तिघे ‘स्कायलॅब’ या अमेरिकन अंतराळस्थानकावर गेले. तेथे त्यांचा मुक्काम ८४ दिवसांचा झाला. पहिल्याच दिवशी पोग यांना उलटी झाली. ही गोष्ट दडवून ठेवावी, असा बेत तिघांनी केला; पण त्यांचे ते बोलणे यानातील यंत्रावर मुद्रित झाले होते! पृथ्वीवरून कानउघाडणी झाली. पुढे कामाचा बोजा इतका वाढला की, विश्रांतीला वेळ उरेना. या हकिकतीस लोकांनी नंतर ‘अंतराळातील संप’ असे भडक नाव दिले. वस्तुतः त्यांनी संपही केला नाही की कोणाचा गळाही धरला नाही. डिसेंबरच्या अखेरीस ते पृथ्वीवरील सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलले. आमचे कोठे अडते, तुमचे कोठे चुकते, हे दोन्ही बाजूंनी सांगून झाले आणि कामाचे वेळापत्रक सैल करण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जानेवारी १९७४ मध्ये, गिब्सन यांनी सूर्यावर उसळलेल्या एका ज्वाळेचे चित्रण तिच्या अगदी आरंभापासून केले. तसे चित्रण अंतराळातून तोवर झाले नव्हते.